नोड उसात, पदवी हातात

कोल्हापुरात एखाद्या घरातला मुलगा एम. टेक. करतोय म्हटलं, की पाहुणे ‘कशात?’ असं एकदा विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा कधी विचारत नाहीत. ‘सिव्हिल’ म्हटलं तर प्लॉटचा विषय निघतो. ‘मेकॅनिकल’ म्हटलं तर उद्यमनगरातल्या कुणाच्या तरी फौंड्रीचा निघतो. ‘कॉम्प्युटर’ म्हटलं तर पुणे आणि पगार. पण मुलानं ‘वायरलेस मेश अँड सेन्सर नेटवर्क’ असं पूर्ण नाव घेतलं, की खोलीत नुसता फॅनचा आवाज उरतो. मग मंडळींतले सर्वांत धीट काका विचारतात, ‘म्हंजे वायफाय बसवायचं काम?’ मुलगा घाईघाईनं ‘तसं नाही’ म्हणतो. काकांना तेवढं पुरतं. ‘मग आमच्या माडीवर रेंज येत न्हाई, तेवढं बघून दे की.’

गेटचा स्कोअर, प्रवेशाच्या फेऱ्या, दोन वर्षांची फी, आणि शेवटी मुलगा शिडी लावून काकांचा राउटर कपाटावरून जिन्यात आणून ठेवतो. गंमत अशी, की काकांचं फारसं चुकलेलं नसतं. सिग्नल जिथं पोचत नाही तिथं वाटेत एक डबा ठेवायचा आणि त्याच्याकरवी पोचवायचा, एवढंच या विषयाचं सार आहे. विद्यापीठात त्यालाच ‘मल्टिहॉप’ म्हणतात आणि त्याचे क्रेडिट मिळतात.

मी हा विषय शिकवतो, त्यामुळे त्याची थट्टा करायचा मला अधिकार आहे. यातला नायक म्हणजे नोड. मुठीत मावणाऱ्या या पाटीवर चार जण राहतात. भोवतालचं काही तरी मोजणारा सेन्सर, त्याचा हिशेब ठेवणारा प्रोसेसर, तो हिशेब शेजाऱ्याला कळवणारा रेडिओ आणि या तिघांना पोसता पोसता मरणारी बॅटरी. पहिले तिघं पुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांत उरकतात. उरलेलं सगळं पुस्तक बॅटरीच्या आजारपणावर असतं.

विषयाचं घराणं मात्र मोठं आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओनं जोडले. त्यांच्या ‘अलोहा’ पद्धतीचा नियम साधा होता. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू जात नाही, मग दोघांनीही थोडा थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावं. या पद्धतीत वाहिनीचा उपयोग फार तर अठरा टक्के होतो, असं गणित सांगतं. परीक्षेत हा आकडा हमखास येतो आणि मुलांनाही तो हमखास येतो. पुढं नव्वदच्या दशकाच्या शेवटी बर्कलीत क्रिस्टोफर पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’ ही कल्पना मांडली. धुळीच्या कणाएवढे नोड करायचे, कुठंही उधळायचे आणि त्यांनी आपसांत बोलून बातमी आणायची. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, आपल्याकडं निम्मं काम झालंय. धूळ तयार आहे.’

मेश म्हणजे काय, हे मात्र मी पुस्तकातून सांगत नाही. पावसाळ्यातली कोल्हापूरची गल्ली सांगतो. जुलैत पाऊस लागून राहिला की सगळ्या गावाचा एकच प्रश्न असतो, ‘पाणी किती फूट?’ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. इतर गावांत पोरांना पाढे येतात, आमच्याकडं हे दोन आकडे येतात. तर बंधाऱ्याच्या पट्टीवर कुणी तरी ३८ फूट वाचतो आणि गंगावेशीत चहा पिणाऱ्या मित्राला सांगतो. तिथून निघताना बातमी ‘एकोणचाळीस झालंय’ अशी निघते. मिरजकर तिकटीला ‘एक्केचाळीस, आनि चढतंय’. राजारामपुरीत पोचेपर्यंत, पुराचं पाणी आधी शिरतं त्या सुतारवाड्यातली माणसं हलवलेली असतात, आणि त्यानंतर पाचच मिनिटांत पुण्याहून धाकट्या भावाचा फोन येतो, ‘आईला वरच्या मजल्यावर नेलंय ना?’ या जाळ्याला मुख्य कार्यालय नाही. एक माणूस झोपलेला असेल तर बातमी त्याच्या शेजाऱ्याकडून वळसा घेऊन जाते. तो जागा झाला की आपणहून जाळ्यात परत येतो आणि आल्या आल्या ‘मला आधीच माहिती होतं’ म्हणतो. मेश नेटवर्कचे सगळे गुण इथं आहेत. नाही ते एकच, वाटेत मजकूर बदलला का, हे तपासणारी बेरीज. रेडिओच्या प्रत्येक पाकिटाला ती बेरीज जोडलेली असते. गंगावेशीत ती जोडायची सोय अजून झालेली नाही.

या विषयातलं एक सत्य मला फार आवडतं. बर्कलीच्या काळात गाजलेल्या सीसी २४२० या रेडिओ चिपला बोलायला सुमारे १७ मिलिअँपिअर लागतात आणि ऐकायला सुमारे १९. म्हणजे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याची बॅटरी लवकर उतरते. हे वर्गात सांगितलं, की सगळा वर्ग एकदम माना डोलावतो. त्यावरचा उपायही शास्त्रानं शोधलाय. नोडनं नव्व्याण्णव टक्के वेळ झोपावं, ठरलेल्या क्षणी डोळे उघडावेत, हजेरी द्यावी आणि पुन्हा झोपावं. माझे बरेच विद्यार्थी हा प्रोटोकॉल वाचायच्या आधीपासूनच राबवत आले आहेत.

आता अभ्यासाची रीत. २००२ साली अक्यिल्दिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेन्सर नेटवर्कचा एक मोठा आढावा लिहिला. जगातला बहुतेक प्रत्येक एम. टेक. प्रबंध या आढाव्याला नमस्कार करून सुरू होतो. त्यात उपयोगांची यादी आहे: रणांगण, वणवा, पूर, शेती, रुग्णालय. ही यादी सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर जशीच्या तशी येते. दुसऱ्या स्लाइडवर ज्वालामुखी येतो, कारण २००५ साली हार्वर्डच्या लोकांनी इक्वेडोरमधल्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर खरोखरच नोड बसवले होते. गडहिंग्लजचा विद्यार्थी, कागलचा मार्गदर्शक, इस्लामपूरहून आलेले परीक्षक, आणि तिघंही गंभीर चेहऱ्यानं ज्वालामुखीवर चर्चा करताहेत, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. आपल्या पायाखालचा ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला आणि आता त्याच्यावर पन्हाळा उभा आहे, हे त्या वेळी कुणी बोलत नाही.

मग विषय निवडायचा. इथं ‘लीच’ मदतीला येतो. एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन यांनी २००० साली मांडलेला हा प्रोटोकॉल. नोडांनी गट करायचे, प्रत्येक गटाचा एक प्रमुख, आणि प्रमुखाची बॅटरी जास्त खर्च होते म्हणून काही वेळानं त्यानं पद सोडायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं. कुणी आग्रह न करता, कोर्टात न जाता, मुलाला उभं न करता प्रमुख पायउतार होतो. सहकाराच्या जिल्ह्यात हा प्रोटोकॉल शिकवताना मला दर वर्षी थोडा वेळ थांबावं लागतं. मुलांचा विश्वासच बसत नाही.

लीचला पुढं इतकी मुलंबाळं झाली की नावं पुरेनात. नावाच्या मागंपुढं एक अक्षर लावायचं, की नवा प्रोटोकॉल. इंग्रजी वर्णमालेतली बरीचशी अक्षरं वापरून झाली आहेत. प्रबंधाच्या शीर्षकात ‘एनर्जी एफिशियंट’ हे शब्द असलेच पाहिजेत, असा कुठं लेखी नियम नाही, पण ते नसलेलं शीर्षक मी अजून पाहिलेलं नाही. या मुलांच्या प्रोटोकॉलनी वाचवलेली सगळी ऊर्जा एकत्र केली असती, तर महावितरणला सगळ्या शेतीला रोज दिवसा वीज देता आली असती.

ती ऊर्जा एकत्र करता येत नाही, कारण ती कॉम्प्युटरच्या आत वाचलेली असते. हा विषय बहुतांशी एनएस-२सारख्या सिम्युलेटरमध्ये शिकला जातो. एनएस-२ बसवणं हाच मुळात एक सेमिस्टरचा अभ्यासक्रम आहे. ज्याच्या लॅपटॉपवर तो चालतो, त्या विद्यार्थ्याला हॉस्टेलमध्ये वेगळा मान असतो आणि रात्री त्याच्या खोलीत मिसळ पार्सल येते. तो एकदा चालला, की आपण एक मैदान काढायचं, हजार मीटर बाय हजार मीटर, आणि त्यात शंभर नोड सोडायचे. प्रत्येक नोडभोवती अडीचशे मीटरचं गोल वर्तुळ. त्या वर्तुळाच्या आत सगळं ऐकू येतं, बाहेर काहीच नाही. मैदान सपाट. त्यात ऊस नाही, विहीर नाही, बांध नाही आणि बांधावरून भांडणारे भाऊही नाहीत. असं मैदान अख्ख्या करवीर तालुक्यात कुठं मिळणार? मिळालं असतं तर एव्हाना तिथं प्लॉट पडले असते.

त्यात आणखी एक मौज आहे. साध्या पेन्सिल सेलमध्येही काही हजार जूल ऊर्जा असते. सिम्युलेशनमधल्या नोडला जन्मतःच अर्धा जूल मिळतो. लीचच्या मूळ लेखातल्या ग्राफांत तेवढी ऊर्जा दिली होती, म्हणून पुढं बरेच जण तेवढीच देतात. याचं खरं कारण परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. नोडांना भरपोट ऊर्जा दिली तर ते मरेपर्यंत सबमिशनची तारीख निघून जाईल. म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवायचं, भराभर मरू द्यायचं, आणि मग ग्राफ काढायचा. या ग्राफमध्ये दोन रेषा असतात. ‘प्रपोज्ड’ नावाची रेषा वर असते, दुसरी खाली. उलटं झालेला ग्राफ मी अजून पाहिलेला नाही. निसर्गात इतकं एकमत दुसरीकडं कुठं आढळत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांचा पहिला प्रश्न ‘तुमच्या कामात नवीन काय?’ आणि शेवटचा ‘फ्युचर स्कोप काय?’ या दोन प्रश्नांच्या मधे चहा आणि बटाटेवडा असतो. फ्युचर स्कोपमध्ये विद्यार्थी म्हणतो, ‘हे आम्ही पुढं प्रत्यक्ष शेतात राबवणार आहोत.’ सगळे समाधानानं माना हलवतात. त्या शब्दांत अडकलेली शेती एकरांत मोजली, तर ती पंचगंगा खोऱ्यात मावणार नाही.

पण अधूनमधून एखादा विद्यार्थी ते मनावर घेतो आणि खरोखर शेतात जातो. मग त्याची दुसरी परीक्षा सुरू होते. पहिला अडथळा म्हणजे खरेदी. तीनशे रुपयांच्या सेन्सरला तीन कोटेशन लागतात. तीन दुकानदारांनी तीनशे रुपयांसाठी लेटरहेड वापरावं, यासाठी त्यांची मनधरणी करावी लागते. मंजुरी येईपर्यंत तो सेन्सर बाजारातून गेलेला असतो आणि त्याचा सुधारलेला भाऊ आलेला असतो, ज्याला मंजुरी नाही. शेवटी विद्यार्थी स्वतःच्या खिशातून ऑनलाइन मागवतो. डीएचटी ११ नावाची निळी डबी, मातीतली ओल मोजणारा काटा, एक ईएसपी बोर्ड, आणि हार्डवेअरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स.

अशाच एका विद्यार्थ्याबरोबर मी पंचगंगेकाठच्या एका शेतात गेलो होतो. बांबूला डबा बांधला, काटा मातीत रोवला, लाल दिवा लुकलुकायला लागला. दिवा बघून बांधावर चार माणसं जमली. त्यांतल्या एकानं आधी मोटारसायकल बंद केली आणि मग विचारलं, ‘शक्तिपीठ महामार्गाची मोजणी करताय काय?’ आवाजात प्रश्न कमी आणि इशारा जास्त होता. या नियोजित महामार्गाला जमीन द्यायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, त्यामुळं तेव्हा शेतात कुठलंही यंत्र रोवायचं असेल, तर आधी आपण महामार्गवाले नाही हे पटवून द्यावं लागायचं. एनएस-२ मध्ये या अडचणीचं मॉडेल नाही. ओळखपत्र दाखवलं, शेतमालकांनी मधे पडून ‘आपलीच पोरं हाईत’ म्हटलं, तेव्हा कुठं नोडला जाळ्यात प्रवेश मिळाला.

मग शेतमालकांनी डबा निरखून बघितला.

‘हे डबडं काय सांगतंय म्हनायचं?’

‘मातीत ओल किती आहे ते सांगतंय, काका,’ विद्यार्थी म्हणाला.

‘ते मी बी सांगतो की.’ ते वाकले, सरीतली मूठभर माती उचलली, दाबली, तळहातावर गोळा फोडून बघितला. ‘हाय अजून चार दिवस.’

विद्यार्थ्यानं लॅपटॉप उघडला. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून त्यावर शर्ट धरला. ‘४१ टक्के आहे.’

‘४१ म्हंजे पानी द्यायचं का न्हाई?’

विद्यार्थ्यानं माझ्याकडं बघितलं. मी उसाकडं बघितलं. ‘ते पुढच्या टप्प्यात आहे,’ तो म्हणाला.

‘बरं,’ काका म्हणाले. वाद घालायचा त्यांचा हेतूच नव्हता. ‘मला एक करून द्या. रात्री दोनला लाईट येती का तीनला, एवढं सांगनारं काय तरी करा. ओलीचं मी बघतो.’

एवढ्या एका वाक्यात मला प्रबंधाचा विषय मिळाला होता. विद्यापीठाच्या नमुन्यात तो बसला नाही, कारण त्यात प्रपोज्ड रेषा कुठली काढायची, हा प्रश्न होता.

लागणीनंतर सुरुवातीला नोड छान बोलत होते. ऊस गुडघ्याएवढा होता आणि रेडिओ सगळीकडं पोचत होता. मग को ८६०३२ जातीचा हा ऊस वाढायला लागला. पाण्यानं भरलेली हिरवी पानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पिऊन टाकतात. डोक्याच्या वर ऊस गेल्यावर एकेक नोड गप्प होत गेला. सौर पॅनेलवर सावली आली, मग त्यावर बगळे बसायला लागले आणि सावलीचीही गरज उरली नाही. एका डब्यात मुंग्यांनी घर केलं. एकाची वायर उंदरानं तोडली. मातीतल्या काट्याला गंज चढला आणि त्याच्या मते शेतात पाऊस कधी थांबलाच नाही. आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने लागतात. प्रोजेक्टला वर्ष. त्यामुळं अहवाल बांधून झाला, सह्या झाल्या, पेढे वाटले, तरी नोड उसातच होते. ते बाहेर आले तोडणीच्या वेळी. टोळीच्या कोयत्यानं बांबू खालून तुटला, डब्यासकट मोळीत बांधला गेला आणि ट्रॉलीतून कारखान्याच्या काट्यावर गेला. उसाच्या वजनात त्याचीही भर पडली असणार. आमच्या नोडला कुणी दिलेला हा पहिला आणि शेवटचा भाव.

शेजारच्या शेतातला नोड राहिला होता, पण तिथं पाचट पेटवलं. डीएचटी ११ ची मर्यादा ५० अंश सेल्सिअस. त्यानं शेवटचा आकडा ५० पाठवला आणि सेवानिवृत्त झाला. दिलेल्या मर्यादेत राहून काम करणारा असा कर्मचारी मी दुसरा पाहिला नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजून कुणी खचू नये. २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड बसवले. करपा कधी येईल याचा अंदाज घ्यायचा होता. पुढच्या वर्षी त्यांनी लेख लिहिला आणि त्यात स्पष्ट सांगितलं, की अपेक्षित माहितीतली दोन टक्के हाती आली. लेखाच्या शीर्षकाचा मतलब असा, की जे बिघडू शकतं ते बिघडवणाऱ्या मर्फी महाशयांना बटाटे फार आवडतात. बटाटा गुडघ्याएवढा असतो. मर्फी महाशय कोल्हापुरात आले असते तर त्यांनी ऊस बघून इथंच घर केलं असतं. पण खरी गोष्ट पुढंच आहे. ‘आमचं जमलं नाही आणि का जमलं नाही ते असं’ असं सांगणारा तो लेख आज जगभर आदरानं वाचला जातो. आपल्याकडं दोन टक्के असं लिहिलेला प्रबंध परीक्षकांपर्यंत पोचायच्या आधीच मार्गदर्शक परत पाठवतो. अठ्ठ्याण्णव टक्के आले असं लिहिलं तर पोचतो.

आपल्या जिल्ह्याचंही एक उदाहरण गाजलंय, आणि आमच्या मुलांना ते सांगावं लागतं, कारण ते ज्वालामुखीवर नाही. १९९८ साली वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातली सत्तरच्या आसपास गावं कॉम्प्युटरनं जोडायची होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी येऊन बघितलं, की शेतकरी त्या कॉम्प्युटरवर मुख्यतः काय बघतात? आपल्या उसाचा हिशेब. एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला, म्हणून त्यांनी काही गावांत कॉम्प्युटर काढून मोबाइल ठेवला आणि एसएमएसवर माहिती दिली. काम झालं आणि खर्च उतरला. २००७ साली हा अभ्यास ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं जगासमोर गेला. शेतकऱ्याला काय हवंय, हे त्याच्या बांधावर उभं राहून बघितलं, की जाळं लहान आणि स्वस्त होतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहितो. परीक्षेत ते येत नाही, म्हणून कुणी उतरवून घेत नाही.

आणि सेन्सरचं म्हणाल, तर या जिल्ह्यात तो आधीपासून आहे. राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं, की दरवाजा आपोआप उघडतो आणि भोगावतीत सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सोडतो. पाणी उतरलं, की तो मिटतो. त्याला बॅटरी नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. तो मोजतो आणि करतो. आमचे नोड मोजतात आणि कळवतात. त्यानंतर समिती बसते.

तरीही हा विषय शिकायला हवा, हे मी थट्टा बाजूला ठेवून सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ला पुन्हा तेच. पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, आणि मोबाइल नुसता विजेरी म्हणून उरतो. टॉवर नसताना शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं निरोप नेणारं जाळं हवं असतं, ते नेमकं अशा वेळी. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा खात्याची पाऊस आणि पाणीपातळी कळवणारी यंत्रणा आहे. पण नदी प्रत्येक ओढ्यातून, प्रत्येक गावाच्या मागून वेगळी चढते. नदीकाठच्या चिखलीला आणि आंबेवाडीला आपल्या दारातलं पाणी किती चढलं, ते रात्री दोनला कळायला हवं असतं. आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर चालणाऱ्या लोरा रेडिओचा आवाज मोकळ्या जागी काही किलोमीटर जातो. जिल्ह्यात नदीवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे काढतात, खांब तेवढे उभे राहतात. नोड बांधायला याहून पक्की जागा कुठली? विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं मिळून दर वर्षी या विषयाची मुलं बाहेर काढतात. एकेकानं एकेक खांब घेतला तरी नदी झाकून जाईल.

म्हणून माझी अभ्यास मंडळाला एक विनंती आहे. सिम्युलेशन ठेवा, ग्राफ ठेवा, बटाटेवडाही ठेवा. फक्त एक अट घाला. विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं केलेला एक नोड जूनमध्ये नदीकाठी लावायचा आणि सप्टेंबरअखेर काढून आणायचा. तो जिवंत आला तर गुण द्या. मेलेला आला आणि तो कशानं मेला हे विद्यार्थ्याला सांगता आलं, तर जास्त गुण द्या. आलाच नाही तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा लावायला सांगा. अशा परीक्षेत पास झालेली मुलं संख्येनं कमी भरतील, पण पूर आला तर त्यांना फोन करता येईल.

आणि वाचकहो, तुमच्याकडंही एक मागणं आहे. नदीकाठी किंवा बांधावर बांबूला बांधलेला, लाल दिवा लुकलुकणारा एखादा डबा दिसला, तर तो महामार्गाचा नाही. झाकण उघडून बघू नका. उघडलंच, तर स्क्रू चारही परत लावा.